रजिस्टरमध्ये 64, बिलावर 128: एका सहकारी बँकेतील सर्व्हर-नोंदणीचे प्रकरण

ऑडिटरची क्वेरी दोन ओळींची होती. डेटाबेस सर्व्हरच्या खरेदी-बिलावर मेमरी 128 जीबी आहे, आयटी विभागाच्या यादीत 64 जीबी आहे. फरकाचा लेखी खुलासा करावा. बँकेत असा कागद आला की त्याला एकच वास येतो: सामान गेले कुठे? सर्व्हर रूमची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्यावर बोट दाखवायला मग वेळ लागत नाही. म्हणून या प्रकरणाकडे तांत्रिक काम म्हणून बघणे मला कधीच पुरेसे वाटले नाही. यादी चुकीची असली की माणसे अडचणीत येतात.

बँक नागरी सहकारी. मुख्य कार्यालय पुण्यात, शाखा पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात. डेटा सेंटरमधले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर, त्यांतले बरेच व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांच्या रूपात, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली यंत्रे. शाखांमध्ये एकेक छोटा टॉवर सर्व्हर, विंडोजवर. शाखेतल्या पीसींना अँटीव्हायरसचे अपडेट वाटणे, चेकच्या स्कॅन केलेल्या प्रतिमा तात्पुरत्या ठेवणे, प्रिंटर सांभाळणे अशी कामे तो करतो. शाखेत त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो कोपऱ्यातल्या कपाटात गुरगुरत असतो.

याद्या तीन होत्या. लेखा विभागाचे डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंचे रजिस्टर, आयटी विभागाची एक्सेल शीट आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल-करार, घेतलेल्या व्हेंडरकडची यादी. तिन्ही जुळत नव्हत्या. एएमसीचे नूतनीकरण तोंडावर आले होते आणि बिल व्हेंडरच्या यादीवर निघणार होते. त्यात रिझर्व्ह बँकेचा नियम आहेच. नागरी सहकारी बँकांसाठी 19 ऑक्टोबर 2018 रोजी सायबर सुरक्षेची जी मूलभूत चौकट आली, तिचा पहिलाच मुद्दा आयटी मालमत्तेची अद्ययावत यादी हा आहे. 31 डिसेंबर 2019च्या परिपत्रकाने बँकांची चार स्तरांत विभागणी करून पुढच्या अपेक्षा वाढवल्या, पण पाया तोच राहिला. मला तो क्रम योग्य वाटतो. आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसेल तर सांभाळणार काय?

आमच्याकडे काम आले ते असे: शाखांत माणूस न पाठवता प्रत्येक सर्व्हरकडून त्याच्याच तोंडून हार्डवेअरची माहिती काढायची. मेक, मॉडेल, सिरियल नंबर, प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, डिस्क, नेटवर्क कार्डे. आणि ती पुन्हा पुन्हा, ठरलेल्या वेळी काढता आली पाहिजे.

आधीची स्क्रिप्ट

बँकेत आधीपासून एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल, होती. ती वाचल्यावर एक्सेल शीट अशी का झाली ते समजले.

यादीच्या फाइलमधून एकेक सर्व्हरचे नाव वाचायचे, एसएसएच या दूरून लॉगिन करण्याच्या साधनाने तिथे जायचे, आज्ञा चालवायची, उत्तर फाइलीत जोडायचे, असा प्रत्येक नावासाठी पुन्हा फिरणारा साधा लूप. पण लूप ज्या इनपुटमधून नावे वाचतो तेच इनपुट एसएसएचलाही मिळते. पहिल्या सर्व्हरवर गेलेला एसएसएच उरलेली सगळी नावे स्वतःच गिळून टाकतो. लूपला वाटते यादी संपली आणि तो गुपचूप थांबतो. चुकीचा एकही संदेश येत नाही. उपाय दोन अक्षरांचा आहे: एसएसएचला -एन हा पर्याय द्यायचा, म्हणजे तो इनपुटला हात लावत नाही. हे लक्षात न आल्याने कोणीतरी लूपच काढून टाकला होता आणि प्रत्येक सर्व्हरसाठी तीच ओळ हाताने चिकटवली होती. पुढे नवा सर्व्हर आला की ओळ वाढवायची हे ज्याला माहीत होते तो माणूस नोकरी सोडून गेला. त्यानंतर आलेला एकही सर्व्हर स्क्रिप्टमध्ये नव्हता.

पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता, तोही रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, आणि सगळीकडे एकच. मेमरी मोजायला फ्री ही आज्ञा वापरली होती. विंडोजच्या भागात विन32 प्रॉडक्ट या माहिती देणाऱ्या वर्गाला प्रश्न विचारून सॉफ्टवेअरची यादी काढली जात होती. हा वर्ग नुसता यादी देत नाही. प्रत्येक इन्स्टॉल केलेले पॅकेज तपासतो आणि काही बिघडलेले दिसले तर दुरुस्तीला लागतो. शाखेच्या जुन्या सर्व्हरवर भर दुपारी हे चालले की काउंटरवर प्रिंट अडकलीच म्हणून समजा. हार्डवेअरच्या नोंदीसाठी त्याची गरजही नव्हती, त्यामुळे तो भाग पहिल्या दिवशीच बंद केला.

64 आणि 128

आता ऑडिटरच्या प्रश्नाकडे. फ्री या आज्ञेत किंवा मेमइन्फो या फाइलीत दिसणारा आकडा कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, वापरायला मिळालेल्या मेमरीचा असतो. यंत्रात बसवलेली मेमरी वेगळी. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेले सुरुवातीचे सॉफ्टवेअर, थोडी ठेवून घेते, कर्नल स्वतःसाठी थोडी घेतो, क्रॅश डंपची, म्हणजे यंत्र कोसळले तर मेमरीची नोंद ठेवण्याची, सोय केलेली असली तर तिचाही वाटा जातो. म्हणून 64 जीबीच्या यंत्रावर 62च्या आसपास दिसणे नेहमीचेच. आयटी विभागात कोणीतरी 62 पाहिले आणि समजुतीने 64 लिहिले.

बसवलेली मेमरी सांगते ते फर्मवेअरमधले कोष्टक. एसएमबायॉस नावाचे एक मानक आहे. डीएमटीएफ ही संस्था ते सांभाळते. यंत्र सुरू होताना फर्मवेअर या नमुन्यात स्वतःची माहिती मांडून ठेवते आणि डीएमआयडीकोड ही आज्ञा ती वाचून दाखवते. नोंदींना क्रमांक असतात: 1 म्हणजे यंत्र, 2 म्हणजे मदरबोर्ड, 3 म्हणजे पेटी, 4 म्हणजे प्रोसेसर, 17 म्हणजे मेमरीचा एकेक खाचा. सतराव्या प्रकारात प्रत्येक पट्टीचा आकार, वेग, बनवणारी कंपनी, पार्ट नंबर आणि पट्टीचा स्वतःचा सिरियल नंबर मिळतो. रिकामा खाचाही नोंदलेला असतो, तिथे मॉड्यूल बसवलेले नाही असे लिहून येते.

त्या डेटाबेस सर्व्हरवर सतराव्या प्रकारच्या आठ नोंदी भरलेल्या निघाल्या, प्रत्येकी 16 जीबी. बेरीज 128. कर्नलला मात्र निम्मीच दिसत होती. पट्ट्या जागेवर होत्या, त्यांचे नंबर समोर होते आणि तरी निम्मी मेमरी गायब. एखाददुसरी पट्टी फर्मवेअरने खराब म्हणून बाजूला काढली असती तर फरक 16 किंवा 32चा आला असता. बरोबर अर्धी जाते तेव्हा संशय एकाच गोष्टीवर घ्यायचा: मेमरी मिररिंग. यात एकच मजकूर दोन पट्ट्यांवर लिहिला जातो, एक बिघडली तरी यंत्र चालू राहते आणि वापरायला अर्धीच क्षमता उरते. सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपच्या (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायही यंत्रावर दूरून लक्ष ठेवू देणाऱ्या चिपच्या) पानावर जाऊन पाहिले तर मिररिंग चालूच होते. बसवताना कोणीतरी विचारपूर्वक केलेली निवड, पण कागदावर कुठेही न नोंदलेली. खुलासा एका परिच्छेदात गेला, सोबत आठही पट्ट्यांचे सिरियल नंबर.

तो खुलासा तासाभरात देता आला याचे कारण पुढे सांगतो, कारण या सगळ्या कामाचे मर्म मला तिथे दिसते.

आधी कच्चा मजकूर

नवी स्क्रिप्ट लिहायला घेतली तेव्हा एक गोष्ट आम्ही आग्रहाने पाळली. सर्व्हरवर चालणाऱ्या भागाने अर्थ लावायचा नाही. त्याने आज्ञा चालवायच्या आणि जे उत्तर आले ते जसेच्या तसे, अक्षर न बदलता पाठवायचे. प्रत्येक सर्व्हरची, प्रत्येक वेळची एक फाइल. तिच्यात प्रत्येक आज्ञेचा वेगळा तुकडा: सुरुवातीची खूण, आज्ञा कोणती, तिची आवृत्ती, वेळ, मग उत्तर, त्रुटीचा मजकूर, आज्ञा कशी संपली हे सांगणारा परत आलेला संकेतांक आणि शेवटची खूण. यातून तक्ता काढण्याचे काम पुण्यात एका वेगळ्या यंत्रावर, सर्व्हरला हातही न लावता.

बऱ्याच ठिकाणी उलटे केलेले दिसते. सर्व्हरवरच ग्रेप आणि ऑक ही मजकूर गाळणारी साधने लावून हवा तो शब्द उचलतात, स्वल्पविराम घालून एक ओळ बनवतात आणि बाकीचे फेकून देतात. दिसायला सुटसुटीत. पण उचलण्याचा नियम एखाद्या मॉडेलवर चुकला की तिथे रिकामी जागा उरते, आणि ती रिकामी का याचा पुरावा फेकलेल्या मजकुरातच गेलेला असतो. मग पुन्हा सगळ्यांकडे जा. शाखेची लाइन बंद असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा.

या निर्णयाचा उपयोग लगेच दिसला. डीएमआयडीकोडच्या जुन्या आवृत्त्या 16384 एमबी असे लिहितात, नव्या 16 जीबी. आमच्या तक्ता बनवणाऱ्या भागाने फक्त एमबी वाचायला शिकलेले होते, त्यामुळे नवे सर्व्हर पहिल्या तक्त्यात बिनमेमरीचे आले. नियम बदलला, तीच फाइल पुन्हा वाचली, काम झाले. कोणाला फोन नाही, पुन्हा लॉगिन नाही. मिररिंगच्या प्रश्नावेळीही पट्ट्यांची माहिती आधीच साठवलेल्या फाइलीत पडून होती. ती कोणी मागितलेली नव्हती तरी घेतलेली होती. सगळे मिळून एका सर्व्हरचा मजकूर काही डझन किलोबाइट होतो आणि दाबल्यावर आणखी कमी. ग्रामीण शाखेच्या बारीक लाइनलाही तो जड नाही.

जेसन, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येणारी ठरावीक मांडणी, का नाही, असे बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. जिथे मिळते तिथे घ्यावेच. पण एलएसबीएलके ही डिस्क दाखवणारी आज्ञा जेसन देऊ लागली ती युटिल-लिनक्स या आज्ञा-संचाच्या 2.27 आवृत्तीपासून, आणि सेंटओएस 7 या जुन्या लिनक्समध्ये 2.23 आहे. 30 जून 2024 रोजी त्याचा पाठिंबा संपला तरी अशी यंत्रे बँकांमध्ये चालू आहेत, कारण त्यांच्यावरचे एखादे जुने सॉफ्टवेअर हलत नाही. म्हणून साधा मजकूर घ्यायचा, भाषा सगळीकडे सी लोकेलवर सक्तीने ठेवायची म्हणजे तारखा आणि शब्द एकसारखे येतील, आणि स्क्रिप्ट एसएच या साध्या, जुन्या यंत्रांवरही चालणाऱ्या आज्ञा-भाषेत लिहायची.

अन्सिबल या एकाच जागेवरून अनेक यंत्रांवर काम करणाऱ्या साधनाचा पर्यायही बघितला होता. डेटा सेंटरमधल्या नव्या लिनक्स यंत्रांसाठी मी तोच सुचवेन. पण अन्सिबलचे माहिती गोळा करणारे मॉड्यूल पलीकडच्या यंत्रावर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा मागते, आणि अन्सिबल-कोअर 2.17ने पलीकडच्या बाजूला पायथन 2.7 आणि 3.6चा पाठिंबा काढून घेतला. म्हणजे नेमकी जुनी, धोक्यातली, ज्यांची माहिती सर्वांत आधी हवी अशी यंत्रे बाहेर राहतात. जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरीसारखी साधनेही चांगली आहेत, पण ती एजंटसह, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामसह, वापरायची तर प्रत्येक यंत्रावर एजंट बसवावा लागतो. कोअर बँकिंगच्या डेटाबेस सर्व्हरवर काही बसवायचे तर सॉफ्टवेअर पुरवठादाराची परवानगी, बदल-समिती, चाचणी असा प्रवास. एएमसीची तारीख तेवढी थांबणार नव्हती.

उत्तर आले नाही, म्हणजे नेमके काय

जुन्या शीटमध्ये ज्या सर्व्हरचे उत्तर आले नाही त्याची ओळच नव्हती. ही मला सर्वांत घातक गोष्ट वाटते. ओळ नाही म्हणजे सर्व्हर नाही असे वाचणारा समजतो, आणि भंगाराच्या यादीत चालू यंत्र जाते.

नव्या तक्त्यात ओळ कायम राहते, पुढे कारण लिहिलेले असते. संकेतांक बरेच काही सांगतात. एसएसएच स्वतः अडखळला तर 255 परत येतो. आज्ञाच नसली तर 127, चालवण्याची परवानगी नसली तर 126. टाइमआउटने कापले तर 124. यांवरून 'लाइन बंद', 'ओळख नाकारली', 'साधन बसवलेले नाही', 'परवानगी नाही', 'वेळेत उत्तर नाही' असे वेगवेगळे शेरे पडतात आणि प्रत्येकाचे काम वेगळ्या माणसाकडे जाते: पहिला शेरा नेटवर्कवाल्यांकडे, दुसरा आमच्याकडे, तिसरा सिस्टिम अ‍ॅडमिनकडे. परवानगीचा शेरा लिनक्सवर हमखास येतो, कारण कंपनीचे आणि मॉडेलचे नाव सिस फाइलसिस्टिममध्ये कोणालाही वाचता येते, पण सिरियल नंबर आणि यूयूआयडी (यंत्राचा एकमेव ओळख-क्रमांक) फक्त रूटला.

आणखी एक प्रकार जास्त फसवा: उत्तर येते, संकेतांक शून्य असतो, आणि आत कचरा असतो. असेंबल केलेल्या यंत्रांत सिरियल नंबरच्या जागी 'टु बी फिल्ड बाय ओईएम', 'डिफॉल्ट स्ट्रिंग' किंवा 0123456789 असे सापडते. बोर्ड बनवणाऱ्याने भरायला जागा ठेवली, पुढच्याने भरली नाही. अशा शब्दांची एक यादी आम्ही तक्त्याच्या भागात ठेवली आणि ते दिसले की नंबर 'अविश्वसनीय' म्हणून खूण केली. तो पुसला नाही. मूळ मजकूर फाइलीत आहेच.

हे तेच यंत्र का?

इथे थोडे थांबतो, कारण नोंदणीचा खरा पेच इथे आहे.

जुनी शीट सर्व्हरच्या नावावर चालत होती. शाखेतला सर्व्हर बदलला की नव्या यंत्राला जुनेच नाव आणि जुनाच आयपी देतात, म्हणजे शाखेतल्या पीसींना काही कळत नाही. व्यवहारात हे बरोबरच आहे. पण नोंदीच्या दृष्टीने लोखंड बदलले आणि ओळ तीच राहिली. डेडस्टॉकमध्ये जुने यंत्र घसारा खात पडून, एएमसी जुन्याच सिरियलची, आणि बिघाड झाला की व्हेंडर म्हणणार हा नंबर आमच्या करारात नाही.

म्हणून ओळख लोखंडावरून ठरवायची. आम्ही साक्षीदार चार धरले: कंपनी आणि यंत्राचा सिरियल नंबर, मदरबोर्डचा सिरियल नंबर, बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टांचे कायमचे मॅक पत्ते (प्रत्येक पोर्टाचा स्वतःचा ओळख-क्रमांक), आणि मेमरीच्या पट्ट्यांचे सिरियल. मॅक घेताना एक काळजी. दोन पोर्ट बाँड केलेले, म्हणजे एकच म्हणून जोडलेले, असले की दोन्ही एकच पत्ता दाखवतात. खरा पत्ता एथटूल या आज्ञेला -पी देऊन किंवा लिनक्सच्या प्रोक फोल्डरमधल्या बाँडिंगच्या फाइलीत मिळतो.

एका शाखेचा सर्व्हर यादीत दोनदा आला, तेव्हा या चौघांचा उपयोग झाला. आधीच्या फाइलीत त्याचा यंत्राचा सिरियल नीट होता. नंतरच्या फाइलीत तो रिकामा, बोर्डचा नंबर नवा, मॅक पत्तेही नवे. नावावर चाललो असतो तर काही बदललेच नाही असे वाटले असते. सिरियलवर चाललो असतो तर नवे यंत्र वाटले असते. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या मात्र जुन्याच होत्या. म्हणजे पेटी तीच, बोर्ड बदललेला. बोर्ड बदलल्यावर यंत्राचा नंबर फर्मवेअरमध्ये पुन्हा भरायचा असतो. एएमसीच्या इंजिनिअरने तो भरला नव्हता. खात्रीसाठी शाखेत फोन केला.

"मॅडम, सर्व्हरच्या पुढच्या बाजूला बाहेर ओढता येईल अशी एक पट्टी आहे बघा. तिच्यावरचा नंबर वाचून दाखवता का?"

"थांबा हं सर, कपाट उघडते. हां, सात अक्षरं आहेत." त्यांनी एकेक अक्षर सांगितले. डेलच्या यंत्रावरचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचाच असतो, आणि तो जुन्या फाइलीतल्याशी जुळला. मग त्या म्हणाल्या, "आणि सर, इथे एक पिवळा दिवा लागलाय. तो बरेच महिने असाच आहे. त्याचं काही करायचं असतं का?"

करायचे असते. पिवळा दिवा डिस्कचा होता, आणि त्यावरून आमच्या कामाला पुढचा भाग जोडला गेला.

नियंत्रकाच्या मागे दडलेल्या डिस्क

रेड नियंत्रक (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारे कार्ड) असलेल्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिमला खऱ्या डिस्क दिसतच नाहीत. नियंत्रकाने बनवलेली एक आभासी डिस्क दिसते, आणि मॉडेलच्या जागी नियंत्रकाचेच नाव. दोन डिस्कची आरशी जोडी असेल आणि त्यातली एक मेली असेल, तरी विंडोज म्हणते एक डिस्क आहे, उत्तम आहे. विन32 डिस्क-ड्राइव्ह या वर्गाकडून याहून जास्त निघत नाही. लिनक्सवरही एलएसबीएलकेचे तसेच.

मागे जायचे तर नियंत्रकाशीच बोलावे लागते. मेगारेड घराण्यासाठी स्टोरसीएलआय, एचपीईसाठी एसएसएसीएलआय, किंवा स्मार्टसीटीएलला नियंत्रकाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगून. जिथे ही साधने नव्हती आणि व्यवस्थापन चिप पुरेशी नवी होती, तिथे रेडफिशने विचारले. रेडफिश हेही डीएमटीएफचेच, 2015मध्ये आलेले: एचटीटीपीएसवरून विचारायचे, जेसनमध्ये उत्तर. ऑपरेटिंग सिस्टिम बंद असली तरी चालते आणि पॉवर सप्लायचा सिरियलसुद्धा देते. रेडफिश नसलेल्या जुन्या चिपांना आयपीएमआय या आधीच्या मानकाच्या आयपीएमआयटूल या साधनाने एफआरयू, म्हणजे सुट्या भागांची नोंद, मागितले. आयपीएमआय 2.0च्या ओळख-पडताळणीत मुळातच दोष आहे: पासवर्ड माहीत नसलेल्यालाही त्याचा हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, मिळवता येतो आणि तो बाहेर नेऊन फोडता येतो. म्हणून व्यवस्थापन चिपचे नेटवर्क पोर्ट कर्मचाऱ्यांच्या पीसींच्या नेटवर्कमधून पोहोचता येण्याजोगे असू नयेत. काही ठिकाणी ते तसेच होते. हार्डवेअरची यादी करायला गेलो आणि सुरक्षेचे एक भोक सापडले. ते बुजवण्याचे काम नेटवर्क विभागाने यादीपेक्षा आधी पूर्ण केले, हे इथे आवर्जून लिहायला हवे.

नियंत्रकाला प्रश्न विचारण्याची वेळ आम्ही दुपारची ठेवली, गर्दी ओसरल्यावर आणि डे-एंड सुरू होण्याच्या आधी. रात्री शाखांचे सर्व्हर बंद असतात, आणि डेटा सेंटरमध्ये रात्री बॅच चालते. तेव्हा डिस्कच्या नियंत्रकाला कोणीही काहीही विचारायचे नाही.

शाखांमध्ये मेलेली डिस्क घेऊन चाललेले सर्व्हर एकाहून जास्त निघाले. दुसरी डिस्क गेली असती तर त्या शाखेचे काम त्या दिवशी बंद पडले असते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे मोल एवढ्यानेच वसूल झाले.

विंडोज आणि आभासी यंत्रे, थोडक्यात

विंडोज सर्व्हर 2012पासून विनआरएम ही दूरून विचारणा करू देणारी सेवा मुळात चालूच असते, त्यामुळे पॉवरशेलच्या गेट-सिमइन्स्टन्स या आज्ञेने 5985 पोर्टवरून काम होते. त्याहून जुन्या, 2008 आर2च्या काही यंत्रांसाठी सिम सत्र, म्हणजे ही विचारणा करण्याची जोडणी, डीसीओएम या जुन्या मार्गाने उघडावे लागले. तिथे 135 पोर्टच्या जोडीला बदलती पोर्टेही मोकळी लागतात, म्हणून फायरवॉलवाल्यांशी चर्चा लांबली. विन32 बायॉस, कॉम्प्युटर-सिस्टिम, बेसबोर्ड, प्रोसेसर, फिजिकल-मेमरी एवढे वर्ग पुरतात. खाली तेच एसएमबायॉसचे कोष्टक असते.

आभासी यंत्राच्या सिरियलची सुरुवातच व्हीएमवेअर या शब्दाने होते, त्यामुळे ते ओळखणे सोपे. एक गुंता होता: त्याच यंत्राचा यूयूआयडी लिनक्समधून एक आणि व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या नियंत्रण-साधनातून दुसरा दिसायचा. नीट पाहिले तर पहिल्या तीन गटांतले बाइट उलटे लावलेले होते. एसएमबायॉस 2.6ने हा क्रम स्पष्ट केला, पण सगळी साधने तो सारखा पाळत नाहीत. दोन्ही रूपे नोंदली की प्रश्न मिटतो. आभासी यंत्रांना पोटात घेणाऱ्या खऱ्या सर्व्हरांची नोंद त्यांच्यावरच्या ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या प्रणालीकडून आणि रेडफिशकडून वेगळी घेतली.

किल्ली कोणाकडे

बँकेतल्या प्रत्येक सर्व्हरवर रूटच्या अधिकाराने शिरू शकणारी स्क्रिप्ट ही त्या बँकेतली सर्वांत धोकादायक वस्तू असते. हे मी बँकेच्या बैठकीत याच शब्दांत सांगितले आणि त्यासाठी मागितलेला वेळ मिळाला.

लिनक्सवर एक वेगळे खाते. त्याची एसएसएच किल्ली फक्त गोळा करणाऱ्या यंत्राच्या पत्त्यावरूनच चालते, आणि किल्लीच्या ओळीतच आज्ञा बांधून टाकलेली: लॉगिन केले की तीच एक स्क्रिप्ट चालते, शेल मिळत नाही, टनेल उघडता येत नाही. सुडोच्या (ठरावीक कामापुरता रूटचा अधिकार देणाऱ्या आज्ञेच्या) नियमात त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, 'काहीही चालेल' म्हणणारे तारांकन कुठेही नाही. स्क्रिप्टची मालकी रूटकडे, आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेही फक्त रूटलाच लिहिता येते. शेवटची अट विसरली जाते: फाइल सुरक्षित, पण फोल्डर उघडे, म्हणजे फाइल बदलून दुसरी ठेवता येते. यजमानाची, म्हणजे पलीकडच्या सर्व्हरची, ओळख न तपासण्याचा पर्याय बऱ्याच स्क्रिप्टांत सर्रास टाकलेला असतो. आम्ही सर्व यजमान-किल्ल्या आधी गोळा करून सिस्टिम अ‍ॅडमिनकडून पडताळून घेतल्या आणि नंतर कडक तपासणी चालू ठेवली. किल्ली बदललेली दिसली तर तो स्वतःच एक शेरा: यंत्र पुन्हा इन्स्टॉल झाले का, की मध्ये कोणी बसले आहे?

विंडोजवर गोळा करणारे काम ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटवर चालते, ज्याचा पासवर्ड कोणा माणसाला माहीतच नसतो. जमलेल्या फाइलींनाही तेवढीच कडी, कारण कोणत्या शाखेत कोणते जुने यंत्र आहे हे ज्याच्या हातात पडेल त्याला दार शोधावे लागत नाही.

याद्या समोरासमोर

तिन्ही याद्या नव्या तक्त्यासमोर ठेवल्या तेव्हा व्हेंडरच्या यादीत आभासी यंत्रेही हार्डवेअर म्हणून आलेली दिसली. यादी कधीतरी डोमेनमधल्या नावांवरून बनवलेली असावी, आणि नावावरून लोखंड आहे की नाही ते कळत नाही. काही यंत्रे लिलावात भंगाराला गेल्यावरही करारात चालू होती. उलट, नंतर घेतलेले काही सर्व्हर करारात नव्हतेच. नूतनीकरणाच्या बैठकीत व्हेंडरच्या प्रतिनिधीने पहिल्यांदा आक्षेप घेतला. प्रत्येक ओळीमागची मूळ फाइल उघडून दाखवल्यावर चर्चा आकड्यांवर आली. नव्या करारात ओळ सिरियल नंबरवर असते, आणि बोर्ड बदलला तर इंजिनिअरने नंबर पुन्हा भरून दाखवल्याशिवाय कॉल बंद करायचा नाही अशी अट घातली आहे.

लेखा विभागाशी मेळ घालणे जास्त वेळखाऊ ठरले. डेडस्टॉकमध्ये 'सर्व्हर संगणक, 1 नग' एवढीच नोंद असलेली जुनी पाने आहेत, बिल सापडत नाही, सिरियल कुठेच नाही. तिथे वरिष्ठ लेखापाल मॅडमनी एक चांगली पद्धत काढली: यंत्राच्या बायॉसची तारीख आणि मॉडेल बाजारात कधी आले त्यावरून ते कोणत्या वर्षाच्या आधी खरेदी झालेले असूच शकत नाही हे ठरवायचे, आणि उरलेल्या वर्षांची बिलेच फक्त चाळायची. बायॉसचे अपडेट झाले असेल तर तिची तारीख पुढची असते, म्हणून मॉडेलला जास्त वजन.

बंद पडून स्टोअररूममध्ये ठेवलेली यंत्रे कोणतीही स्क्रिप्ट गाठू शकत नाही. त्यांच्यासाठी शाखाधिकारी सहामाही मोजणीच्या वेळी स्टिकरचा फोटो काढून पाठवतात आणि ती नोंद 'डोळ्यांनी पाहिले' या शेऱ्याने त्याच तक्त्यात जाते. सलग तीन आठवडे 'लाइन बंद' असलेला सर्व्हर आपोआप या यादीत येतो, आणि त्या शाखेला आयटी विभागातून फोन जातो.